कागदावरचं ‘पोतेन्झा’ आणि सासूबाईंच्या आजोबांचं गाव

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाई न्यू जर्सीत राहतात, सासर इटालियन-अमेरिकन. सासूबाई ७९ वर्षांच्या. त्यांचे आजोबा १९०९ साली दक्षिण इटलीतून बोटीने अमेरिकेला आले. घरात एक जुना कागद आहे, त्यावर जन्मस्थळ म्हणून ‘पोतेन्झा’ लिहिलंय. येत्या ऑगस्टमध्ये त्या स्वतः, सासूबाई, नवरा, नऊ आणि सहा वर्षांची मुलं असे पाच जण दहा दिवस इटलीला जाणार आहेत. त्यातले तीन दिवस आजोबांच्या गावासाठी ठेवलेत. पोतेन्झात कुठे उतरावं, तीन दिवस पुरतील का, पाहण्यासारखं काय आहे, आणि आपण शाकाहारी आहोत तर खायचं काय, असं त्यांनी विचारलंय.

मी मूळची सांगलीची, गेली अठरा वर्षं दक्षिण इटलीतल्या बारी शहरात राहते. कागदपत्रांची भाषांतरं हा माझा धंदा. त्या ओघात अमेरिका, अर्जेंटिना, ब्राझील इथून पणजोबांचं गाव शोधत येणाऱ्या कुटुंबांबरोबर दुभाषी म्हणून जायला लागले. तेव्हा उत्तर लांबेल, पण हॉटेलचं आरक्षण झालं नसेल तर आधी थांबा. तुमची अडचण ‘पोतेन्झात कुठे राहावं’ ही नाही. आजोबा नेमके कुठले, हे तुम्हाला अजून माहीत नाही, ही आहे.

पोतेन्झा हे दक्षिण इटलीतल्या बाझिलिकाता प्रदेशाचं मुख्य शहर आहे आणि जिल्ह्याचंही तेच नाव. आज या प्रदेशात पोतेन्झा आणि मातेरा असे दोन जिल्हे आहेत. पण मातेरा जिल्हा झाला १९२७ साली. त्याआधी सगळा बाझिलिकाता म्हणजे एकच जिल्हा, पोतेन्झा. या प्रदेशात आज १३१ नगरपालिका आहेत, त्यातल्या कुठल्याही गावचा माणूस १९०९ साली परक्या अधिकाऱ्यासमोर ‘पोतेन्झा’ म्हणून मोकळा झाला असेल. आपल्याकडे तासगावजवळच्या वाडीचा माणूस मुंबईत ‘आम्ही सांगलीचे’ म्हणतो, तसंच. आजोबा खुद्द शहरातलेही असू शकतात, नाही असं नाही. पण माझ्याकडे ‘पोतेन्झा’ एवढाच शब्द घेऊन आलेल्या कुटुंबांपैकी बहुतेकांचं गाव शेवटी वेगळंच निघालं. एकाचं तर आजच्या मातेरा जिल्ह्यात निघालं, पोतेन्झा शहरापासून चांगलं दीड तासावर. त्या मंडळींनी तोवर पोतेन्झात दोन दिवस काढले होते आणि प्रत्येक जुन्या घरासमोर फोटोही काढले होते.

म्हणून पहिलं काम न्यू जर्सीत, घरबसल्या. १९०९ हे साल तुमच्या नशिबाने चांगलं आहे. बोटीवरच्या उतारूंच्या यादीत १९०७ च्या कायद्यानंतर रकाने वाढले. शेवटचा मुक्काम कुठे होता एवढंच नाही, तर मायदेशातल्या जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता आणि जन्माचं गावही लिहायला लागले. बोटीने येणाऱ्यांची तपासणी न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस बेटावर व्हायची, तिथल्या याद्या घरबसल्या पाहता येतात. यादी दोन पानांवर पसरलेली असते. लोक पहिलं पान बघतात आणि बंद करतात. दुसरं पान बघा. आणखी एक: ‘एलिस बेटावर नाव बदललं’ ही कथा प्रत्येक घरात असते, पण याद्या बोट निघायच्या बंदरात, म्हणजे बहुतेकदा नापोलीत (नेपल्स), बोट कंपनीचे कारकून भरत. तेव्हा यादीत इटालियन नावच शोधा. अमेरिकेत गेल्यावर रोक्कोचा रॉय आणि वितोचा व्हिक्टर पुढे शेजाऱ्यांनी आणि मालकांनी केला.

यादीतलं अक्षर लागलं नाही तर आजोबांच्या अमेरिकन नागरिकत्वाच्या अर्जाची फाइल बघा. तीही नसेल तर आजोबांचं लग्न अमेरिकेत ज्या चर्चमध्ये लागलं, तिथली नोंद मागवा. त्यात बाप्तिस्मा कुठल्या गावी झाला हे पुष्कळदा लिहिलेलं असतं. आणि आजोबा ज्या गल्लीत राहिले तिथे एखाद्या संताच्या नावाचं मंडळ होतं का, हे सासूबाईंना विचारा. एका गावचे लोक परदेशात एकाच गल्लीत राहत आणि गावच्या संताचं मंडळ काढत. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावच्या लोकांच्या खोल्या असायच्या, तोच प्रकार.

गाव कळलं, समजा मातेरा जिल्ह्यातलं फेर्रान्दीना निघालं, की मग इटलीतले कागद. नापोलीच्या राज्यात, म्हणजे तेव्हाच्या दक्षिण इटलीत, जन्म-मृत्यू-लग्नाची सरकारी नोंद नेपोलियनच्या अमदानीत, १८०९ पासून सुरू झाली. सिसिलीत १८२० पासून. एक प्रत गावच्या नगरपालिकेत राहते, तिला इथे कोमूने म्हणतात, आणि दुसरी शेवटी जिल्ह्याच्या सरकारी पुराभिलेखागारात जाते. त्या दुसऱ्या प्रतींची छायाचित्रं ‘आन्तेनाती’ या सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. आन्तेनाती म्हणजे पूर्वज. सगळी गावं अजून तिथे नाहीत, पण आधी तिथेच बघायचं. बहुतेक वह्यांच्या शेवटी त्या वर्षाची नावांची सूची असते, त्यामुळे पानन्‌पान चाळावं लागत नाही.

शोधताना तीन गोष्टी ध्यानात असू द्या. इटालियन बाई लग्नानंतरही कागदावर माहेरच्याच नावाने राहते, त्यामुळे पणजीला नवऱ्याच्या आडनावाखाली शोधू नका. दुसरी, पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव ठेवायची रीत इतकी पक्की होती की एका आजोबाला पाच मुलगे असतील तर गावात एकाच नावाआडनावाचे पाच चुलतभाऊ सापडतात. त्यांना वेगळं करतं वडिलांचं नाव. नावापुढे ‘दी आन्तोनिओ’ असेल तर आन्तोनिओचा मुलगा. ‘फू आन्तोनिओ’ असेल तर कैलासवासी आन्तोनिओचा मुलगा. या एका ‘फू’वरून वडील कुठल्या सालापर्यंत हयात होते हे बसवता येतं. मधलं नाव वडिलांचं लावणाऱ्या आपल्या लोकांना हे चटकन कळतं, अमेरिकन नवऱ्यांना समजावून सांगावं लागतं. तिसरी, लग्नाच्या नोंदीला जोडलेले कागद. त्यात वधूवरांचे जन्मदाखले असतात, वडील वारले असतील तर त्यांचा मृत्यूदाखला आणि कधीकधी आजोबांचाही. त्या एका पुडक्यात तीन पिढ्या हाती लागतात. १८०९ च्या मागे जायचं तर मात्र चर्चच्या वह्या, त्या लॅटिनमध्ये आणि पाद्रीबाबांच्या मर्जीवर. तीन दिवसांच्या फेरीत त्या नादाला लागू नका.

आजोबांची जन्मनोंद सापडली की ती शेवटपर्यंत वाचा. मूल कुठल्या रस्त्यावरच्या, कितव्या क्रमांकाच्या घरात जन्मलं हे त्यात पुष्कळदा असतं. त्या रस्त्याला आता कुणा राष्ट्रपुरुषाचं किंवा राजाचं, गारिबाल्दी किंवा उंबेर्तो असं, नाव दिलेलं असेल आणि क्रमांकही बदललेले असतील. जुना रस्ता कुठला, हे गावातलं कुणीतरी सांगतं. घर तसंच उभं असेल याची मात्र मी कधी हमी देत नाही. १९८० च्या नोव्हेंबरात इर्पिनियाच्या भूकंपाने या टापूतली गावंच्या गावं आडवी केली. कोन्झा हे गाव नवीन जागी वसवावं लागलं. मातेरा जिल्ह्यातलं क्राको १९६३ च्या भूस्खलनानंतर रिकामं झालं, लोक खाली दरीतल्या वसाहतीत गेले. जुन्या क्राकोत आज हेल्मेट घालून, वाटाड्याबरोबर फिरावं लागतं.

आता कोमूनेला पत्र. निघण्याच्या दोन-तीन महिने आधी, इटालियनमध्ये, लहान. आम्ही कोण, कुणाचे वंशज, त्यांची जन्मतारीख आणि आई-वडिलांची नावं, आम्ही अमुक दिवशी येतोय, अमुक एक नोंद पाहता येईल का. दहा नोंदी मागितल्या तर पत्र बाजूला पडतं. लहान गावात हे सगळं सांभाळणारा माणूस एकच असतो. पत्त्याच्या नोंदीपासून मृत्यूदाखल्यापर्यंत तोच. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी सकाळी दहाच्या सुमाराला फोन करा. त्याचबरोबर गावच्या ‘प्रो लोको’ला लिहा. ही स्वयंसेवकांची संस्था गावोगाव असते, जत्रा-उत्सव तीच भरवते, आणि तिच्यात निवृत्त शाळामास्तर हमखास असतो. गावाचा इतिहास त्याला तोंडपाठ असतो आणि ऐकायला गिऱ्हाईक हवं असतं.

ऑगस्टबद्दल. माझी पहिली फेरी मी ऑगस्टात नेली आणि चूक सर्वस्वी माझी होती. ब्राझीलहून आलेलं कुटुंब, आजोबांची जन्मतारीख तयार, आणि आम्ही पोचलो चौदा तारखेला. पंधराला फेर्रागोस्तोची सुट्टी, सोळाला सान रोक्कोचा उत्सव, आणि नोंदींचा एकुलता एक कारकून महिनाअखेरीपर्यंत समुद्रावर. मी पत्र पाठवलं होतं, तारीख कळवली नव्हती. पण गंमत अशी की कागद न मिळता त्या लोकांना माणसं भेटली. कामासाठी उत्तरेला तोरिनोला आणि जर्मनीला गेलेले सगळे ऑगस्टात गावी येतात. गणपतीला कोकण भरतं तसं गाव भरतं. मिरवणुकीत आजोबांचंच आडनाव असलेल्या चार घरांशी ओळख झाली.

म्हणजे ऑगस्ट चांगला की वाईट, हे तुम्ही कशासाठी जाताय यावर आहे. कागद आधीच हातात असतील, उत्सवाच्या तारखेला गावात राहायला जागा मिळाली आणि उन्हाची तयारी असेल, तर ऑगस्ट उत्तम. पण तुमच्या बरोबर ७९ वर्षांच्या सासूबाई आहेत. ही गावं डोंगराच्या धारेवर, जुन्या भागात गाडी जात नाही, वर जायला दगडी पायऱ्या आणि डोक्यावर पस्तीस अंशांपलीकडचं ऊन. मला विचाराल तर जूनचा शेवटचा आठवडा घ्या. न्यू जर्सीच्या शाळा तोवर सुटलेल्या असतात, कचेऱ्या चालू असतात, संध्याकाळी चौकात बसवतं. फक्त २ जुलैला मातेरात मादोन्ना देल्ला ब्रूनाचा मोठा उत्सव असतो, त्या दोन-तीन दिवसांत मातेरात खोली मिळणं मुश्कील. तुमचा स्वतःचा पासपोर्ट भारतीय असेल तर शेंगेन व्हिसाचं आतापासून बघा. नवऱ्याला लागत नाही म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो.

राहायचं कुठे? गावातच खोली मिळाली तर डोळे झाकून घ्या, पंखा आणि न्याहारी साधी असली तरी. गावात झोपणाऱ्या पाहुण्याला गाव वेगळं वागवतं. सकाळी कॉफीच्या बारमध्ये तुम्ही दिसता, संध्याकाळच्या फेरफटक्यात पुन्हा दिसता, दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारतंच. नाही मिळाली तर मातेरा. तिथल्या गुहाघरांच्या वस्त्या, सास्सी, १९९३ पासून जागतिक वारसा आहेत, मुलं खूश होतील. पण नकाशावरचे चाळीस किलोमीटर म्हणजे अर्धा तास असा हिशेब करू नका. वरंधा घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. मुलांना गाडी लागत असेल तर गोळी जवळ ठेवा. गाडी मात्र हवीच. गावच्या बस शाळा-कॉलेजच्या वेळेवर चालतात, रविवारी नसल्यातच जमा. परवाना अमेरिकन असेल तर आंतरराष्ट्रीय परवानाही काढा, स्वयंचलित गिअरची गाडी हवी तर आधी सांगा, आणि शहरांच्या जुन्या भागात ‘झेड-टी-एल’, म्हणजे बाहेरच्या गाड्यांना बंदी, अशी पाटी दिसली की आत घुसू नका. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी न्यू जर्सीच्या पत्त्यावर येते.

विमानाने बारीला उतरलात तर मातेरा साधारण तासाभरावर. नापोलीहून पोतेन्झा गाडीने दोन तासांच्या आसपास, आणि तिथून बाझेन्तो नदीच्या खोऱ्यातला रस्ता सरळ खाली समुद्राकडे जातो. फेर्रान्दीना, पिस्तिच्ची, बेर्नाल्दा ही सगळी या रस्त्याच्या कडेने डोंगरावर चढून बसलेली गावं. बेर्नाल्दा हे दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोलाच्या आजोबांचं गाव. त्याने तिथल्या एका जुन्या वाड्याचं हॉटेल केलंय. तुमच्या खिशाला झेपेल असं मी म्हणत नाही, पण समोरच्या चौकात कॉफी प्यायला पैसे फारसे लागत नाहीत.

तीन दिवस पुरतात, जर शोध घरी आटोपला असेल तर. नाही तर तीन आठवडेही पुरत नाहीत. मी कुटुंबांना शनिवारी दुपारी पोचून मंगळवारी सकाळी निघायला सांगते. शनिवारी संध्याकाळी काही करायचं नाही, सहानंतर चौकात जाऊन बसायचं. रविवारी सकाळी मिसेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जा, तुम्ही ख्रिश्चन नसलात तरी चालतं, मागच्या बाकावर बसा. सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर सगळं गाव असतं आणि पाद्रीबाबाही मोकळे असतात. सोमवारी सकाळी दहाला कोमूने. दुपारी एक ते साडेचार गाव झोपतं, तुम्हीही झोपा. सोमवारची दुपार आणि संध्याकाळ रिकामी ठेवा, आणि हे मी आळसापोटी सांगत नाही. रविवारी कुणाशी बोलणं झालं असेल तर सोमवारी जेवायला बोलावणं येतं. ज्यांनी त्या दिवशी पोम्पेईची तिकिटं काढून ठेवलेली असतात, त्यांचे चेहरे मी पाहिलेत.

स्मशानभूमी बघायला जालच, तर एवढं माहीत असू द्या. थडग्यांवर चिनीमातीच्या तबकडीवरचे फोटो असतात, आडनावं वाचत फिरायला खूप मिळतं. पण जागा मुदतीच्या असतात. मुदत संपली की अस्थी काढून एकत्र ठेवतात, त्यामुळे खापरपणजोबांचं थडगं बहुधा सापडणार नाही. सासूबाईंना हे आधी सांगून ठेवा, तिथे उभं राहून कळू देऊ नका. आणि कुणाच्या घरी जाताना फुलं न्यायची तर शेवंती नेऊ नका. आपल्याकडे दारच्या तोरणात असते, इथे ती मेलेल्यांची. मी पहिल्या वर्षी घरमालकिणीला पिवळ्या शेवंतीचा गुच्छ दिला होता. तिने शांतपणे घेतला आणि गॅलरीत ठेवला, घरात नाही. रविवारी न्यायची वस्तू म्हणजे मिठाईवाल्याकडून बांधून घेतलेला पेस्ट्रीचा ट्रे.

शाकाहाराची काळजी नको. गरिबीतला स्वयंपाक असल्यामुळे मांस क्वचितच असे. वाटलेल्या सुक्या बाकल्याच्या (वालासारखी शेंग) दाण्यांबरोबर कडू चिकोरीची भाजी, चण्यांबरोबर रुंद शेवया, घट्ट सालीचा मातेराचा पाव. सेनीझेच्या लाल मिरच्या वाळवून तेलात तळतात, ‘पेपेरोनी क्रुस्की’ म्हणतात. चुरचुरीत, अगदी आपली तळलेली सांडगी मिरची, फक्त तिखटपणा शून्य. सलगमाच्या पाल्याच्या पास्त्यात मात्र कधीकधी खारवलेली मासळी विरघळवलेली असते, तेवढं विचारून घ्या.

इटालियन नागरिकत्वाचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण नवऱ्याच्या डोक्यात असेल म्हणून सांगते. मार्च २०२५ पासून नियम आवळलेत. वंशाच्या आधारावर आता साधारणपणे आई-वडील किंवा आजी-आजोबांपर्यंतच जाता येतं, त्यालाही अटी आहेत. नवऱ्याचे ते पणजोबा लागतात. कोमूनेत जाऊन पहिलाच प्रश्न पासपोर्टचा काढलात तर कारकुनाचा चेहरा बदलतो. असे लोक त्याने पुष्कळ पाहिलेत.

आता सासूबाईंकडे एक काम. इथल्या गावात अनोळखी पाहुणा दिसला की बाकावरची म्हातारी विचारते, ‘आ की आप्पार्तिएनी?’ शब्दशः, तू कुणाच्या मालकीचा. आमच्या सांगलीकडे ‘कुणाच्यातली गं तू?’ म्हणतात, तोच सूर. या प्रश्नाला आडनाव सांगून उपयोग नाही, कारण निम्म्या गावाचं आडनाव तेच असतं. म्हणून प्रत्येक घराण्याला टोपणनाव असतं. कुणी लोहार, कुणी लंगडा, कुणी कोल्हा. ते कुठल्याही दाखल्यावर नसतं, पण गाव ओळखतं त्यानेच. दोन वर्षांपूर्वी एका आजोबांच्या तोंडून असंच नाव निघालं. अर्थ त्यांना ठाऊक नव्हता, त्यांचे वडील रागावले की स्वतःलाच त्या नावाने हाक मारायचे म्हणून लक्षात राहिलं होतं. बाकावरच्या म्हातारीने ते ऐकलं, उठली आणि आम्हाला तिसऱ्या गल्लीतल्या एका दारापर्यंत घेऊन गेली.

तेव्हा आज संध्याकाळी सासूबाईंना विचारा, आजोबांना घरात, मित्रांत, पत्ते खेळताना कुणी कुठल्या वेगळ्या नावाने हाक मारायचं का. अर्थ लागत नसला तरी जसं ऐकू येतं तसं लिहून घ्या, जमल्यास त्यांच्या आवाजात फोनवर रेकॉर्ड करा. आणि उतारूंच्या यादीतलं दुसरं पान सापडलं की गावाच्या रकान्याचा फोटो इथेच टाका. १९०९ च्या कारकुनांची अक्षरं मला आता बऱ्यापैकी लागतात.